बारा पायऱ्या, घाटघरच्या वेगानं

भिमाजीचा बँजो कुठल्याच पट्टीत बसत नाही, ही तक्रार दादाभाऊची, आणि ती अठरा वर्षं जुनी. दादाभाऊ निमगाव सावाचा, भिमाजीच्या बँजो पार्टीत कॅसिओ वाजवणारा. बाकीची सगळी गाणी दोघं जोडीनं वाजवायचे, एकमेकांकडे न बघता. पण वरात मारुतीच्या पारापाशी आली आणि पोरांनी "बारा पायऱ्या! बारा पायऱ्या!" असा गलका केला, की भिमाजी थांबायचा, तारांच्या खुंट्या पिळायचा आणि सूर काळी दोन आणि पांढरी तीन यांच्यामधल्या फटीत नेऊन ठेवायचा. त्या फटीत दादाभाऊच्या जुन्या कॅसिओला बटण नव्हतं. तो हात बांधून उभा राहायचा.

"हा सूर देवानं केलेलाच न्हाई, भिमाजी. तू कुठनं आणला?"

"क्यासेटमधनं. तुझं मशीन खोटं हाय."

"आन् देवळातली पेटी? ती बी खोटी?"

"ती बी."

विषय तिथंच संपायचा. भिमाजीशी वाद घालून कुणी जिंकल्याचं जुन्नर तालुक्यात कुणाच्या ऐकिवात नाही.

भिमाजी घाटघरचा. महादेव कोळ्याचं घर, बाप सोमाजी, खाचरात भात आणि उतारावर नाचणी-वरई. शाळा सातवीपर्यंत. तीसुद्धा मास्तर आठवड्यातून दोनदा यायचा म्हणून सातवी. रोज आला असता तर पोरगं पुढं गेलं असतं. विसाव्या वर्षी, एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यात, तो नारायणगावात फतेचंद शेठच्या दुकानात हमालीला लागला. छत्र्या, ताडपत्र्या, दोरखंड, कंदील असलं दुकान. डोंगरातली माणसं पावसाआधी वर्षाचा बाजार करायला उतरायची ती इथंच.

पुण्याहून छत्र्यांची खोकी आली. भिमाजीनं पहिलं फोडलं तर छत्र्यांच्या मधे एक कॅसेट. वेष्टनावर चार पोरं एका गच्चीच्या कठड्यावर बसलेली, एकाच्या मांडीवर गिटार. नाव 'गच्चीची किल्ली'. खाली बारीक अक्षरात 'पाऊण तास'. ते पार्टीचं नाव. पुण्यातल्या छत्र्यांच्या ठोक व्यापाऱ्याचा पुतण्या त्या पार्टीत ड्रम वाजवत होता. कॅसेट पुण्यात कुणी विकत घेत नव्हतं, तेव्हा काकानं पुतण्याची माया म्हणून नारायणगावला निघालेल्या मालात एक टाकून दिली होती. एवढीच तिची जाहिरात.

फतेचंद शेठकडं दोन डेकचा मोठा टेप होता. गिऱ्हाईक थांबावं म्हणून दुकानाच्या दारात तो सकाळपासून काही ना काही वाजवायचा. त्या दिवशी त्यानं ही लावली. भिमाजी डोक्यावर ताडपत्रीचा गठ्ठा घेऊन आत येत होता, तो गठ्ठ्यासकट उंबऱ्यावर उभा राहिला. सनई त्याला ठाऊक होती, ढोल ठाऊक होता, भजनातली पेटी ठाऊक होती. हे तारेचं काहीतरी होतं, पण ही तार रडत नव्हती, भांडत होती. भांडता भांडता मधेच हसत होती.

"भिम्या, गठ्ठा खाली ठेवशील का त्याचं लग्न लावायचंय?" गादीवरनं शेठ ओरडला.

"शेठ, हे काय वाजतंय?"

"मला काय ठाऊक? लोक थांबलेत ना? मग वाजू दे."

लोक खरंच थांबले होते. अल्बममधे नऊ गाणी होती आणि नऊच्या नऊ गाणी साध्या गोष्टींची. एक विजेच्या मीटरचं, एक शेजारच्या रेडिओचं, एक बसथांब्यावर उभं राहून उशीर होण्याचं. आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं, 'बारा पायऱ्या'. "किल्ली तुझ्याकडं, दार माझ्याकडं, मधे जिना, बारा पायऱ्या." एवढंच धृपद. घाटघरात तेव्हा गच्ची असलेलं एकही घर नव्हतं, सगळी कौलं. पण जिना माळ्याला होताच, आणि किल्ली एकाकडं, दार दुसऱ्याकडं ही अडचण समजायला पुण्यात जन्म घ्यावा लागत नाही.

डोंगरातल्या बाया छत्री हातात घेऊन विचारू लागल्या, "शेठ, ते वाजतंय त्ये मिळंल का?" शेठ व्यापारी होता. दुसऱ्या दिवशी पाटी लागली: छत्रीवर कॅसेट फ्री. कोऱ्या कॅसेटी आल्या, आणि मूळ कॅसेटवरनं कॉप्या करायचं काम भिमाजीकडं आलं. एका डेकमधे मूळ, दुसऱ्यात कोरी, बटण दाबायचं आणि टेप फिरेपर्यंत छत्र्या मोजायच्या. महिन्याभरात घाटघर, अंजनावळे, हातवीज, सगळ्या पश्चिम पट्ट्यात छत्री तितक्या कॅसेटी झाल्या. दारातही आता कॉपीच वाजायची, मूळ कॅसेट शेठ कुलुपात ठेवायचा. भिमाजीनं स्वतःसाठी एक कॉपी घेतली. छत्री घेतली नाही, तेवढी सवलत शेठनं दिली.

त्या कॉपीवर तो वाजवायला शिकला. गिटार कुठून आणणार? एका मोडलेल्या बँजो पार्टीवाल्याकडचा जुना बँजो मिळाला. टाइपरायटरसारख्या बटणांचा, खाली तारा, उजव्या हातात छेडायची पट्टी. गुरू कुणी नाही. रात्री खोलीत टेप लावायचा, एक ओळ ऐकायची, थांबवायचा, शोधायचा, पुन्हा. एका गाण्याला सहा-सहा महिने. नऊ गाण्यांना चार वर्षं गेली. त्या काळात पुण्यात 'पाऊण तास' मोडून पोरं नोकरीला लागली होती, हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यानं बटण सोडलं नसतं.

मग पार्टी उभी राहिली. टेंपोवर चार भोंगे, एक ढोल, एक ताशा, कॅसिओवर दादाभाऊ, आणि समोर पट्टा गळ्यात अडकवून भिमाजी. 'घाटघर बँजो पार्टी, नारायणगाव.' नंतर डीजे आले, भिंतींएवढे भोंगे आले, पार्ट्या एकेक करून मोडल्या. भिमाजीची राहिली, आणि का राहिली हे कुणालाही विचारा. डीजेवाल्याकडं सगळ्या जगाची गाणी होती. 'बारा पायऱ्या' नव्हतं. तो अल्बम इंटरनेटवर नाही, बाजारात नाही. आहे तो डोंगरातल्या माणसांच्या फोनमधे, छत्रीवाल्या कॅसेटीवरनं उतरवलेला. आज घाटघरात ज्या पोरांना कॅसेट कशाला म्हणतात ठाऊक नाही, त्यांना नऊही गाणी पाठ आहेत. बाया आवणीला भाताची रोपं लावताना ती म्हणतात. भिमाजीची बायको इंद्रायणी माहेरी हातवीजला ती म्हणतच मोठी झाली. दोघांच्या लग्नात वरातीत नवरा स्वतःच वाजवत होता आणि घोडा रिकामा चालला होता.

भिमाजीचा एक नेम होता. गाणं सुरू करायच्या आधी माइक हातात घ्यायचा. "हे गाणं आमचं न्हाई. पुण्याच्या पाऊण तास पार्टीचं हाय. अल्बम, गच्चीची किल्ली. दुसऱ्याच्या घामावर आपलं नाव लावायचं न्हाई, ही आपली रीत. पण वाजवतो ते जसंच्या तसं. एक मात्रा इकडची तिकडं न्हाई." हे शेवटचं वाक्य तो छाती काढून म्हणायचा. त्याचं सगळं जगणं त्या एका वाक्यावर उभं होतं. एकदा जुन्नरच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, हात चांगला आहे, पण बँजो सुरात लावलेला नाही. भिमाजीनं सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुमी ही क्यासेट ऐकलीय?" ते म्हणाले, नाही. "मग ऐका आन् मग बोला." उत्तेजनार्थ मिळालेली ढाल तो टेबलावर ठेवून निघून आला. दादाभाऊ महिनाभर त्या ढालीसाठी हळहळत होता.

तर असा माणूस. यंदा फेब्रुवारीत दोरखंड आणायला फतेचंद शेठच्या दुकानात गेला. शेठ आता ब्याऐंशीचा, गादीवर बसून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतो. दुकान सून चालवते, चेतना. तिनं माळा आवरायला काढला होता. माळ्यावर एक जुना रेडिओ-टेप सापडला, तो तिनं दुरुस्त करून आणला होता, आणि एक पत्र्याचा डबा सापडला, त्यात ती मूळ कॅसेट. भिमाजी येताना दिसला तशी चेतनानं त्याला खूश करायला म्हणून ती लावली.

भिमाजी दारातच थबकला. गाणं तेच होतं, 'बारा पायऱ्या'. पण जड झालेलं. जणू गिटारवाला चिखलातनं चालत येत होता. आणि गाणारा पोरगा नव्हताच, कुणीतरी भरघोस मिशीवाला माणूस वाटत होता.

"वहिनी, सेल उतरले तुमचे."

"लाइटवर चाललंय, भिमाभाऊ."

"मग लाइट कमी असंल."

चेतना उठली, कॅसेट काढली आणि आरतीची एक जुनी कॅसेट घातली. आरती जशी असते तशी लागली. रोज सकाळी गावभर वाजणारी ती. भिमाजीला तिचा सूर झोपेत ओळखता आला असता. त्याचा चेहरा उतरला, पण तो हटला नाही. मोटरसायकलवर घरी गेला, आपली कॉपी घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं टेपमधे घातली. पळत्या पायांचं, उंच गळ्याचं, आपलं 'बारा पायऱ्या' सुरू झालं.

"बघा! मशीन एकच. मग हे बरोबर का ते?"

"हे कॉपी, ते मूळ," चेतना म्हणाली.

"पंचीस वर्षांत मूळची टेप ताणली गेली आसंल."

तेव्हा गादीवरनं हसू आलं. फतेचंद शेठ हसता हसता खोकत होता. "ताणली नाही रे भिम्या. माझ्या दुसऱ्या डेकचा पट्टा सैल होता. भरताना टेप हळू फिरायची. हळू भरलेली टेप चांगल्या मशीनवर लावली की पळत सुटते."

"तुमाला ठाऊक व्हतं?"

"ठाऊक म्हणजे? अल्बम बावन्न मिनिटांचा. मी आणलेल्या कोऱ्या कॅसेटी पंचेचाळीसच्या. शेवटचं गाणं कापावं लागणार म्हणून मी बसलो होतो डोक्याला हात लावून. पहिली कॉपी काढली तर सगळी गाणी आत मावलेली! म्हटलं, देवानंच सोय केली. मग पट्टा कशाला बदलायचा?"

"आन् मला सांगायला काय झालं व्हतं?"

"तू कधी विचारलंस? तू तर नुसता नाचत होतास."

भिमाजीनं दोरखंड तिथंच टाकला. जाताना म्हणाला, "शेठ, तुमी माजी पंचीस वरसं सैल पट्ट्यावर भरली." चेतना मागनं हाका मारत राहिली.

ज्या माणसाचं जगणं 'जसंच्या तसं' या दोन शब्दांवर उभं आहे, त्याला कळलं की यातलं काहीच तसं नव्हतं. कॉप्याही त्यानंच केल्या होत्या. मूळ गाणं तेव्हा दुकानात चार दिवस ऐकलं होतं, पण नंतर वर्षानुवर्षं कॉपी ऐकून ते कानातनं पुसलं गेलं होतं. सगळ्या पश्चिम पट्ट्याला चुकीचं गाणं त्याच्या हातानं गेलं होतं, आणि वर तो माइकवर छाती काढून सांगत होता. दोन लग्नांच्या सुपाऱ्या त्यानं परत केल्या. दादाभाऊला बातमी कळली तेव्हा तो नाचत येईल असं वाटलं होतं, तो आला, चहा प्यायला, आणि एवढंच म्हणाला, "म्हंजे पेट्या खऱ्या व्हत्या."

इंद्रायणीनं तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी ताट समोर ठेवून म्हणाली, "कुणी मेलंय का?"

"चुकीचं वाजवलं गं मी. आख्खं आयुष्य."

"मग बरोबर वाजवा. हात तुटल्यात का?"

तो चेतनाकडं गेला आणि मूळ कॅसेट टेपसकट मागून आणली. माफी मागितली नाही, दोरखंडही नेला. आठ दिवस दार लावून ऐकत बसला. रागानं ऐकायला बसला होता, पण गाणी चांगली असली की राग फार दिवस टिकू देत नाहीत. चौथ्या गाण्यात त्याच्या कॉपीवर सारखं काहीतरी खुळखुळायचं. तो कायम समजत आला होता की टेप घासतेय. ती दुसरी गिटार होती. पहिली बोलते आणि दुसरी तिच्या मागनं हळूच हुंकार देते, जशी म्हातारी बाई गोष्ट ऐकताना देते. 'बारा पायऱ्या'च्या शेवटच्या कडव्याआधी गाणारा श्वास घेतो, तो श्वास ऐकू आला. आणि कळलं की गाणं आनंदाचं नाहीच. किल्ली घेऊन गेलेला माणूस परत येणार नाही, म्हणून दाराशी बसलेल्याचं गाणं आहे ते. शब्द भिमाजीला पंचवीस वर्षं पाठ होते. पण त्या वेगात रडायला जागाच नव्हती, तेव्हा कुणी रडलं नव्हतं. सबंध डोंगर त्यावर नाचला होता.

"हे वरातीचं न्हाई," तो इंद्रायणीला म्हणाला.

"आता न्हाई का? आपली वरात झाली की त्याच्यावर."

भिमाजीनं ठरवलं. चैत्रात घाटघरच्या देवाची यात्रा. दरवर्षी संध्याकाळी देवळापुढं तो वाजवतो, सगळा गाव बसतो. तिथंच माइकवर चूक कबूल करायची आणि खरं गाणं वाजवायचं. ज्यांना खोटं सांगितलं त्यांनाच खरं सांगायचं. दुसऱ्या गावात कबुली देण्यात मर्दुमकी नाही. बँजो त्यानं काळी एकला लावला आणि अंगात भिनलेला वेग तोडायला पायाला वीट बांधल्यासारखा रियाज केला. हात सारखे पुढं पळायचे. दादाभाऊ कॅसिओवर साथीला बसायचा. आयुष्यात पहिल्यांदा या गाण्यात त्याच्याकडं बटण होतं, आणि तो म्हणाला, "राव, मला हे जमंना. माजा कान बी तुझ्या फटीतच बसलाय."

इकडं चेतनानं आणखी एक उद्योग केला. वेष्टनावरची नावं फेसबुकवर शोधत सुटली आणि गाणारा, गिटार वाजवणारा सुनील सापडला. पिंपरीत कारखान्यात नोकरी, वय चौपन्न. तिनं लिहिलं, तुमचा अल्बम इथं चाळीस गावांना पाठ आहे. त्याला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. दोनदा फोन झाले तेव्हा विश्वास बसला. यात्रेच्या दिवशी सकाळी तो गिटार घेऊन नारायणगावात उतरला. मिशा खरंच भरघोस होत्या, पण पांढऱ्या.

दुकानात त्यानं आधी भिमाजीची कॉपी ऐकली. पहिलं गाणं संपेपर्यंत त्याचे कान लाल झाले. "हा माझा आवाज आहे? हा तर चौदा वर्षांचा पोरगा वाटतोय! आणि कॉप्या काढायची परवानगी कुणी दिली होती तुम्हाला?"

फतेचंद शेठनं हात जोडले. "कुणी नाही. चूक झाली, साहेब."

"आम्ही दोन वर्षं खपून केलं होतं हे. पुण्यात लोक म्हणाले, रटाळ आहे. आणि तुम्ही छत्रीवर फुकट वाटलंत!"

चूक खरीच होती, त्यात दोन मतं नाहीत; कष्ट त्याचे आणि पाटी दुसऱ्याच्या दुकानावर. भिमाजी आतापर्यंत कोपऱ्यात उभा होता. तो पुढं आला. "साहेब, शेठनं नाव खाल्लं आसंल. मी न्हाई खाल्लं. दर वरातीत तुमचं नाव घेतलंय. इचारा कुणालाबी."

"दर वरातीत?"

"दर वरातीत. पार्टीचं, अल्बमचं. मग वाजवलंय."

सुनीलनं टेप बंद केला. पंचवीस वर्षांत त्याच्या पार्टीचं नाव त्याच्या स्वतःच्या पोरांनीही घेतलं नव्हतं. भिमाजीला ते ठाऊक नव्हतं. त्याला एकच विचारायचं होतं. "खरं सांगा. मी वाजवतो त्ये चुकीचं हाय का?"

"आहे," सुनील म्हणाला. "सूर अडीच पट्टी वर आहे आणि वेग फारच जास्त. हात मात्र..." तो थांबला. "हात माझ्यापेक्षा साफ आहे."

भिमाजीनं मान हलवली. दुसरं वाक्य त्यानं ऐकलंच नसावं. "मग संध्याकाळी बरोबर वाजवू. दोघं मिळून."

घाटघरात उन्हं उतरताना देवळापुढं सतरंज्या पडल्या. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं टेंपोवर. सुनीलला घेऊन भिमाजी समोर आला तेव्हा कुजबुज सुरू झाली. गाणारा येणार अशी दवंडी होती, आणि सगळे त्या पोराला शोधत होते. "त्याचा बाप आला वाटतं," मागनं कुणीतरी म्हणालं.

भिमाजीनं माइक घेतला. "मंडळी, पार्टी काढल्यापास्नं मी तुमाला सांगत आलो, जसंच्या तसं वाजवतो. त्ये खोटं निघालं. क्यासेटी मी भरल्या आन् त्या चुकीच्या भरल्या. ह्ये सुनील साहेब. ज्यांनी गाणं केलं, त्ये ह्येच. आज खरं गाणं ऐका."

सुनीलनं गिटार छेडली, भिमाजीनं बँजो जोडला. काळी एक, सावकाश, प्रत्येक सूर आपापल्या जागी. सुनीलचा जड, जाणता आवाज लागला. पुण्यातल्या एखाद्या सभागृहात श्रोत्यांनी डोळे मिटले असते. घाटघरात पहिलं धृपद होईस्तोवर लोक एकमेकांकडं बघत होते. दुसऱ्या कडव्याला पोरं ओरडली, "वाढवा! वाढवा!" कुणीतरी जनरेटरकडं धावलं, डिझेल बघायला.

बायांतनं चिमाबाई उठली. भिमाजीची आत्या, सत्तरीची, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. "ए भिमा, थांब. कुणाच्या मयताला आलोत का आमी?"

बँजो थांबला. गिटारही. भिमाजीनं हात जोडले. "आत्या, ह्येच खरं हाय. ज्यानं केलं त्यो माणूस समोर बसलाय."

"त्यानं केलं आसंल. त्याच्यावर देवाचा हात. पण आवणीला वाकून ह्ये आमी म्हटलं. रोप उचलायचं, खोचायचं, पाय मागं. तुझ्या ह्या चालीनं आवणी केली तर दिवाळीपस्तोर बी भात लागायचं न्हाई."

सगळं मैदान हसलं. भिमाजी हसला नाही. त्यानं कबुली द्यायला सगळं धैर्य गोळा करून आणलं होतं, आणि घ्यायला कुणी तयारच नव्हतं. "आत्या, मी चुकलो म्हणून सांगतोय!"

"चुकला आसशील, मंग? तुझं तू बघ. गाणं कशाला बिघडवतोस?"

"आन् पावणं," चिमाबाई सुनीलकडं वळली, "तुमचं गाणं लई चांगलं हाय. माज्या सुना म्हणतात, नाती म्हणतात. पण तुमाला त्ये येत न्हाई. रागवू नका. शिकून घ्या आमच्या भिमाकडनं, सोपं हाय."

सुनील आधी गोंधळला. मग त्यानं तोंडावर हात ठेवला, आणि त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय का काय, हे भिमाजीला कळेना. डोळे पुसून त्यानं विचारलं, "काकू, ही चाल कशी असते? दाखवा तरी."

चिमाबाईला एवढंच हवं होतं. तिनं टाळी धरली, रोप खोचल्यासारखी, झटक्यात. बायांनी उचललं. किल्ली तुझ्याकडं, दार माझ्याकडं. पन्नास गळे, कुणी पेटीचा सूर मागितला नाही, कुणी कुणाकडं बघितलं नाही. भिमाजीनं सवयीनं तार छेडली, ती काळी एकला लावलेली. पन्नास गळ्यांखाली ती एकटी मोठ्यानं बेसूर वाजली. दादाभाऊनं कॅसिओवर काळी दोन दाबली, मग पांढरी तीन दाबली, आणि हात आवरून घेतले.

"चढव," सुनील म्हणाला.

"साहेब, त्यो सूर खोटा हाय. तुमीच सांगितलं सकाळी."

"सकाळी इथं आलो नव्हतो. चढव लवकर, आणि मला सूर दे."

भिमाजी खाली वाकला आणि खुंटी पिळू लागला, कान बायांकडं लावून. तार गळ्यांना भिडली तशी त्यानं ती वाजवून धरली. सुनीलनं आपली पहिली तार चढवायला घेतली. गिटारच्या तारांना अडीच पट्टी चढ मानवत नाही. पहिलीच फटकन तुटली आणि त्याच्या मनगटाला लागली. त्यानं शिवी दिली, अस्सल पुणेरी, आणि पुढच्या बायका खुदकल्या. पिशवीत दुसरी तार होती. ती काढून तो मांडी घालून खालीच बसला, भिमाजी त्याच्यासमोर, एका हातानं सूर वाजवत धरून, दुसऱ्या हातानं त्याला तारेचं टोक धरून देत.

बाया थांबल्या नाहीत. त्यांचं दुसरं कडवं संपत आलं होतं.